पीएसव्ही आइंडहोवन या डच फुटबॉल क्लबने शेवटच्या पाच मॅचपैकी एकही न जिंकता युरोपियन कप (आताची चॅम्पियन्स लीग) जिंकला, हे खरं आहे का?

हो, खरंय, कुणी थाप मारलेली नाही तुम्हाला. १९८७-८८ चा सीझन, कोच गुस हिडिंक. पहिल्या दोन राउंडला गॅलातासराय आणि रॅपिड व्हिएन्नाला काढलं (त्यातही इस्तंबूलला ०-२ ने मार खाल्लाच), आणि तिथून पुढे कप हातात येईपर्यंत सगळ्या मॅच ड्रॉ. क्वार्टरला बोर्दोच्या मैदानावर १-१, घरी ०-०. सेमीला रियाल माद्रिद, परत तेच, तिकडे १-१ आणि घरी ०-०. तेव्हा दोन मॅचची टोटल बरोबरीत सुटली की बाहेर जाऊन मारलेला गोल जास्तीचा धरायचे, म्हणून बोर्दोत विम कीफ्टचा एक आणि माद्रिदला एडवर्ड लिन्स्केन्सचा एक, एवढ्या दोन गोलांवर गडी फायनलला पोचले.

फायनल २५ मे १९८८, श्टुटगार्ट, समोर बेनफिका. १२० मिनिटं ०-०, आख्खी बघायला बसलात तर डोळा लागेल, पण पेनल्टीज मात्र बघाच. दोन्हीकडच्या पाचही आत, पीएसव्हीची सहावी पण आत, मग बेनफिकाचा वेलोसो आला आणि गोलकीपर हान्स व्हान ब्रॉइकेलेनने उजवीकडे झेप टाकून अडवली. आधीचे एक कोच यान रेकर, कोणता प्लेयर पेनल्टी कुठे मारतो याची कार्डं लिहून ठेवायचे, ब्रॉइकेलेन त्यांचा सल्ला घ्यायचा. म्हणजे घरचा अभ्यास केलेला होता राव.

लोक नशीब म्हणतात, मला नाही पटत. ह्याच टीमने त्या वर्षी डच लीगमध्ये ३४ मॅचमध्ये ११७ गोल ठोकले होते, लीग आणि डच कप दोन्ही घेतले, तेव्हा गोल मारता येत नव्हते असं काही नाही. युरोपात शेवटच्या पाच मॅचमध्ये फक्त दोन गोल खाल्ले, त्यातला एक पेनल्टीवर. कोमन, गेरेट्स, नील्सन मागे असल्यावर दुसरं काय होणार.



पण त्या बाहेरच्या गोलाने नंतर व्याजासकट वसुली केली. मे २००५, चॅम्पियन्स लीगच्या सेमीची दुसरी मॅच, मिलान पहिली २-० जिंकून आलेले, कोच परत हिडिंकच. आपल्याकडे रात्री सव्वाबाराला सुरू झाली, मी होस्टेलच्या टीव्हीचा आवाज बंद करून बघत होतो. पार्क जी-सुंगने एक मारला, कोकूने दुसरा, २-०, चला आता एक्स्ट्रा टाइम, म्हणून चहाला पाणी ठेवायला उठलो तर एक्क्याण्णवाव्या मिनिटाला मिलानच्या अँब्रोसिनीचा हेडर. लगेच पुढच्या मिनिटाला कोकूने अजून एक मारला, ३-१, टोटल ३-३, आणि मिलान फायनलला.