पेरूची गोल्डन एल गोड लागलीच नाही, मला फसवलं का?

फसवलं नसावं. उलट ती गोड लागली असती तर मला शंका आली असती.

तुम्ही लिहिलंय की मेनूवर पेरू वाचून गोल्डन एल, म्हणजे फिक्या सोनेरी रंगाची बिअर, मागवली, पहिल्या घोटापासून पेरू शोधत राहिलात आणि हाती आलं ते कडसर, किंचित आंबट काहीतरी. मग त्यात पेरू होता की नुसतं नाव, आणि असली बिअर चाखायची तरी कशी? मागच्या हिवाळ्यात मीही अगदी असाच ग्लास हातात धरून बसलो होतो. मी इंदूरचा. फळांच्या गराच्या कारखान्यात तपासणीच्या टेबलावर बावीस वर्षं काढली, तरी पहिल्या घोटाला माझंही तोंड वाकडं झालं.

पुण्याहून भाचा आला होता. तो मला आणि हिला विजयनगरकडच्या एका मायक्रोब्रुअरीत, म्हणजे जागेवरच बिअर बनवून देतात तिथे, घेऊन गेला. माझी बिअर म्हणजे बाटलीतली लागर, तीही वर्षातून दोन-तीनदा. तो म्हणाला, "मामा, पेरूची एल घेऊ." आता आमच्या इंदुरात पेरूला जाम म्हणतात. मी सवयीने वेटरला म्हटलं, "वो जामवाली दे दो, भिया." पोरगा बाहेरगावचा असावा, त्याला वाटलं साहेब आल्या आल्या शायरीवर उतरले.

ग्लास आला. सोनेरी, पण जरा गढूळ. एक घोट घेतला आणि म्हटलं, यात जाम कुठाय? हिने ग्लास पुढे ओढला, प्यायली नाही, नुसता हुंगला आणि म्हणाली, "फ्रिजमध्ये जाम ठेवले की दुधाला लागतो ना, तो वास आहे हा."

तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर यातच आहे. फ्रिजमधलं ते दूध गोड झालेलं नसतं, पण जामचं झालेलं असतं.

बाकीचं निम्मं यीस्टकडे, म्हणजे बिअर आंबवणाऱ्या सूक्ष्मजीवाकडे. कारखान्यात आम्ही गराचा थेंब रिफ्रॅक्टोमीटरवर टाकून ब्रिक्स बघायचो, म्हणजे शंभर ग्रॅममध्ये किती ग्रॅम विरघळलेला ऐवज आहे, आणि फळात तो बहुतेक साखरच. पेरूचा गर साधारण 9-10 ब्रिक्सचा. ही साखर यीस्टला आयता घास. माल्टमधून, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्यातून, आलेल्या काही जड शर्करा त्याला पचत नाहीत, त्या बिअरमध्ये राहतात आणि तिला थोडं अंग देतात. फळाची साखर मात्र जवळपास सगळी अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड होऊन जाते. मागे उरतं फळाचं आम्ल, सालीचा थोडा तुरटपणा आणि वास. मे महिन्यात आमरसाचं पातेलं दुपारभर ओट्यावर राहिलं की संध्याकाळी तो जिभेला चुरचुरतो, गोडी उतरलेली असते आणि वास मात्र झाकण काढताच अंगावर येतो. आई तो फेकून द्यायची. ब्रुअर तेच नीट सांभाळून करतो आणि पैसे घेतो.

फळ घातलं की बिअर जास्त चढते, असंही टेबलावर कोणीतरी हमखास म्हणतं. पेरूच्या बाबतीत तसं होत नाही. गोल्डन एलचा मूळ काढा, म्हणजे आंबवण्याआधीचं माल्टचं गोड पाणी, 11 ब्रिक्सच्या आसपास असतो आणि त्यात तुम्ही 9-10 चा गर ओतता, म्हणजे तो किंचित पातळच होतो. हापूसचा गर 16 किंवा त्याहून वरचा, त्याने थोडी भर पडेल. पण लिटरमागे 100-200 ग्रॅम फळात पडून पडून किती पडणार?

गोल्डन एलच का, हेही सांगतो, कारण भाच्याने मला तेच पटवून तिथे नेलं होतं. एलचं यीस्ट साधारण 15 ते 20 अंशांवर काम करतं, लागरचं त्याहून थंडीत. त्या उबेमुळे एलमध्ये यीस्टचेच फळांसारखे वास तयार होतात. गोल्डन एलमध्ये माल्ट फिका असतो, भाजकेपणा नाही, कडूपणा बेताचा, अल्कोहोल बहुधा 4-5 टक्के. असल्या साध्या पाटीवर फळाचं अक्षर उठून दिसतं. भाजक्या माल्टच्या काळ्या स्टाउट बिअरमध्ये पेरू घाला, सापडणारही नाही. इंग्लंडात ही शैली रुळली ती 1980 च्या दशकात. एक्समूर गोल्ड ही त्यातली एक सुरुवातीची बिअर 1986 ची. तिकडच्या ब्रुअरना लागर पिणारी मंडळी एलकडे वळवायची होती. म्हणजे मी आणि तुम्ही, हेच त्यांचं गिऱ्हाईक.

आता वासाचं. पेरूचा जो खास वास आहे त्यात गंधकाची काही संयुगं आहेत, थायॉल म्हणतात त्यांना, आणि ती अगदी कणभर असली तरी नाकाला कळतात. गंमत अशी, की हॉप्स, म्हणजे बिअरला कडूपणा आणि वास देणारी फुलं, त्यांच्या काही जातींमध्येही, विशेषतः सिट्रासारख्या अमेरिकन हॉप्समध्ये, तोच थायॉलचा परिवार असतो. तेव्हा तुमच्या ग्लासातला निम्मा पेरू फळाचा आणि निम्मा हॉप्सचा असू शकतो, आणि ही लबाडी नाही, चांगला ब्रुअर मुद्दाम तशी जोडी जमवतो. प्रमाण बिघडलं तर याच कुळातला वास मांजराच्या मुतासारखा येतो. तुम्हाला तो आला असेल तर तुमचं नाक ठीक आहे.

फळ उकळत्या काढ्यात घातलं तर वास वाफेबरोबर जातो आणि पेक्टिन सुटून बिअर गढूळ होते. पेरूची जेली ज्याच्यामुळे धरते तेच हे पेक्टिन. म्हणून गर बहुधा आंबवणं सरत आल्यावर घालतात. त्यातूनही थोडा गढूळपणा राहिला तर तक्रार करू नका.

चाखायचं कसं, तर पहिलं म्हणजे थांबायचं. आपल्याकडे ग्लास बर्फासारखा गार देतात आणि इतक्या गारव्यात जिभेला गोडी आणि नाकाला वास कमीच कळतो. दहा मिनिटं ठेवा, 8-10 अंशांपर्यंत येऊ द्या. ग्लास भरलेला असेल तर एक घोट पिऊन जागा करा, तोंडावर तळवा ठेवून हलकेच फिरवा, मग तळवा काढून हुंगा. घोट गिळल्यावर तोंड बंद ठेवून श्वास नाकाने सोडा. माझा जाम मला तिथे सापडला, गिळल्यानंतर. आणि त्याआधी शेव खाऊ नका. हे मी इंदूरचा माणूस सांगतोय, किती जड गेलं असेल बघा.

माझ्याकडून झालेला गाढवपणाही सांगतो. आमच्याकडे गाडीवर जाम चिरून त्यावर जिरावन, म्हणजे इंदुरी चटपटीत मसाला, भुरभुरतात. हिच्या पर्समध्ये पुडी असतेच. मीठ कडूपणा दाबतं हे मला ठाऊक होतं, शिवाय जर्मनीत गोझं नावाची मीठ-धने घातलेली बिअर आहेच, म्हणून मोठ्या शास्त्रीय आवेशात चिमूटभर ग्लासात टाकलं. कोरड्या कणांवर विरघळलेला वायू एकदम सुटतो. फेस ग्लासाबाहेर, मेनूवर, भाच्याच्या मांडीवर. उरली ती चवीला बरी होती, पण जिरावन टाकायचंच तर ग्लासाच्या काठाला लावा.

एसेन्सची शंका असेल तर एक खूण. वास गोळीसारखा एकसुरी, पहिल्या घोटापासून शेवटपर्यंत तोच, आणि जिभेवर चिकट गोडी, असं असेल तर मागाहून सिरप ओतल्याचा संशय घ्या. मात्र काही ब्रुअर दुधातली साखर, लॅक्टोज घालतात, ती यीस्टला पचत नाही म्हणून गोडी राहते. वेटरला सरळ विचारा. एवढ्याने कोणी रागावत नाही, आणि पूर्ण ग्लासाआधी चाखायला थोडीशी मागितली तर बहुतेक ठिकाणी देतात.

जमल्यास हिवाळ्यात जा, तेव्हा ताजे जाम असतात. एरवी आमच्यासारख्यांनी पास केलेला, तापवून डबाबंद केलेला गर वापरतात. तोही वाईट नसतो हो. पण ही म्हणते, त्याचा दुधाला वास लागत नाही.