खिशात मावणारा कॅमेरा घ्यायचाय: रिको जीआर ३ की सोनी आरएक्स१०० मार्क ७?

तुमचा प्रश्न मी असा समजते: घरात दीड वर्षाची मुलगी आहे, फोनच्या फोटोंनी समाधान होत नाही, मोठा कॅमेरा आणि लेन्स वागवणं जमणार नाही, आणि या दोन कॅमेऱ्यांमध्ये तुमचं घोडं अडलंय. रिको जीआर ३ मी गेली चार वर्षं जवळजवळ रोज वापरते. सोनी माझ्या बहिणीकडे आहे. आम्ही भेटलो की दोन-चार दिवस कॅमेरे अदलाबदल करतो, त्यामुळे एकाच घरात, एकाच मुलामागे धावताना दोन्ही कसे वागतात ते मी पुष्कळदा पाहिलंय.

उत्तर आधीच देते. तुम्ही सोनी घ्या. माझा स्वतःचा जीव रिकोवर आहे, तरीही हेच सांगेन. पण कारणं नीट वाचा, कारण त्यातली एखादी गोष्ट तुमच्या बाबतीत वेगळी असेल तर उत्तर फिरू शकतं.

दोन्ही कॅमेरे २०१९ मध्ये बाजारात आले, दोन्ही खिशात मावतात. रिकोचं वजन बॅटरी-कार्डासकट २५७ ग्रॅम, सोनीचं ३०२. साम्य इथेच संपतं. रिकोने सगळी जागा मोठ्या सेन्सरला (लेन्समधून आलेला उजेड टिपणाऱ्या चिपला) दिली आणि झूम सोडून दिला. सोनीने झूम ठेवला आणि सेन्सर लहान घेतला. खिशाएवढ्या डब्यात दोन्ही गोष्टी मावत नाहीत. सेन्सर मोठा झाला की त्याच्यासमोरची लेन्सही त्याच प्रमाणात मोठी लागते.

आकडे बघा. रिकोचा एपीएस-सी (हे सेन्सरच्या एका मापाचं नाव) सेन्सर २३.५ × १५.६ मि.मी., म्हणजे ३६६ चौरस मि.मी.च्या थोडा वर. सोनीचा 'एक इंची' म्हणवला जाणारा सेन्सर १३.२ × ८.८, म्हणजे ११६ चौरस मि.मी. (या 'एक इंच' नावावर जाऊ नका. सेन्सरचा कर्णसुद्धा १६ मि.मी.पेक्षा जरा कमीच आहे. जुन्या टीव्ही कॅमेऱ्यांतल्या काचेच्या नळीचा बाहेरचा व्यास एक इंच असायचा, तिथून ते नाव चिकटलंय.) म्हणजे रिकोचा सेन्सर तिपटीहून मोठा. सारख्याच उजेडात, सारख्याच अ‍ॅपर्चरला (लेन्सच्या भोकाला) आणि शटर स्पीडला (उजेड जितका वेळ आत येतो त्याला) तो तिपटीहून जास्त उजेड गोळा करतो. रिकोवर आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) ३२०० ला जेवढा नॉइज (फोटोतले दाणे) दिसतो, तेवढा या हिशोबाने सोनीवर साधारण १००० लाच दिसायला लागतो. संध्याकाळी घरात हा फरक नुसत्या डोळ्यांनी कळतो.

आता झूम. रिकोची लेन्स एकच: फुल फ्रेमच्या (जुन्या ३५ मि.मी. फिल्मएवढ्या सेन्सरच्या) भाषेत २८ मि.मी., एफ/२.८. (मि.मी.चा आकडा लहान तितकं दृश्य रुंद, मोठा तितकं लांबचं जवळ दिसतं. एफचा आकडा लहान तितका उजेड जास्त.) सोनीची २४ ते २०० मि.मी., एफ/२.८ ते ४.५. इथे एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. बहुतेक फोनचा मुख्य कॅमेराही २४ ते २८ मि.मी.च्याच आसपास असतो. म्हणजे रिको घेतलात तर चौकट साधारण तुमच्या फोनचीच राहील, फक्त फोटो कितीतरी सुरेख येईल. रिकोत ३५ आणि ५० मि.मी.चा क्रॉप आहे, पण तो कात्री लावल्यासारखाच: २४ मेगापिक्सेलचे ३५ ला १५ उरतात आणि ५० ला जेमतेम ७.

म्हणून कुठलाही रिव्ह्यू वाचण्याआधी एक काम करा. फोनच्या गॅलरीत गेल्या सहा महिन्यांतले, तुम्हाला स्वतःला आवडलेले शंभर फोटो निवडा. चुकून निघालेले, कुणाला पाठवायचे म्हणून काढलेले, पावत्यांचे वगैरे सोडून द्या. मग एकेका फोटोची माहिती उघडून बघा की तो १एक्सवर काढलाय, की २एक्स-३एक्सवर, की बोटांनी झूम करून. सोबत हेही बघा की किती फोटो तुम्ही नंतर क्रॉप केलेत. मी हे केलं तेव्हा माझे ऐंशीच्या वर फोटो १एक्सचे निघाले, आणि जे झूम केलेले होते त्यांतलेही बरेच मी दोन पावलं पुढे जाऊन काढू शकले असते. माझ्यासाठी प्रश्न तिथेच सुटला. बहिणीचे निम्म्याहून जास्त झूमचे होते, आणि ती पुढे जाऊन काढू शकेल असे फारच थोडे. मुलाच्या जवळ गेलं की मूल जे करत होतं ते थांबवतं आणि तुमच्याकडे बघतं. आई-वडिलांच्या गॅलरीत झूम का असतो, त्याचं खरं कारण हे आहे.

तुमच्या मुलीकडे वळते. घरातल्या अपुऱ्या उजेडात लहान मुलाचा फोटो तीन कारणांनी बिघडतो आणि ही तिन्ही कारणं वेगळी ओळखता यायला हवीत. पहिलं, आपला हात हलतो. दुसरं, मूल हलतं. तिसरं, फोकस भलतीकडेच बसतो. हात हलण्यावर दोन्ही कॅमेऱ्यांत उपाय आहे. रिको सेन्सर हलवून सावरतो, सोनी लेन्समध्ये. रिकोवर मी १/८ सेकंदालासुद्धा भिंतीवरची चित्रं, झोपलेलं मांजर असे स्वच्छ फोटो काढलेत. पण मूल हलतंय त्यावर याचा शून्य उपयोग. कॅमेरा कितीही स्थिर असो, १/८ ला तुमच्या मुलीचा हात म्हणजे नुसता धुरकट फराटा दिसेल. धावणाऱ्या मुलाला १/२५० तरी लागतो. त्यासाठी आयएसओ चढवावा लागतो, आणि तिथे रिकोचा मोठा सेन्सर सरस ठरतो.

मग मी सोनी का म्हणतेय? तिसऱ्या कारणासाठी. सोनीचा फोकस मुलाचा डोळा शोधतो आणि एकदा धरला की सोडत नाही. मूल वळलं, पडद्यामागे जाऊन पुन्हा बाहेर आलं, तरी तो परत डोळ्यावर येतो. रिकोचा फोकस कमी उजेडात सावकाश चालतो, आणि तो पुढे-मागे चाचपडेपर्यंत मूल तिथे नसतं. नॉइज आलेला फोटो नंतर सॉफ्टवेअरने बराच साफ करता येतो, छापून घेतला तर तो नॉइज दिसतही नाही. फोकस चुकलेला फोटो मात्र कशानेच दुरुस्त होत नाही.

रिकोवाले यावर 'स्नॅप फोकस'चं नाव घेतील, आणि ती खरंच फार सुंदर सोय आहे. तुम्ही आधीच अंतर ठरवून ठेवता, समजा २ मीटर. बटण एका दमात पूर्ण दाबलं की कॅमेरा फोकस शोधण्याच्या फंदात न पडता थेट त्या अंतरावर फोटो घेतो. दिवसा उजेडी एफ/८ ला २ मीटर लावलं तर साधारण १ मीटरपासून पुढचं जवळजवळ सगळं स्पष्ट येतं, म्हणजे फोकस हा विषयच उरत नाही. बाहेर फिरताना मी असंच वापरते. पण संध्याकाळी घरात एफ/८ परवडत नाही, एफ/२.८ वर यावं लागतं, आणि मग स्पष्ट येणारी तीच पट्टी आक्रसून साधारण दीड ते तीन मीटर होते. दीड वर्षाचं मूल कॅमेरा दिसला की काय करतं? सरळ तुमच्या अंगावर चालून येतं. दीड मीटरच्या आत यायला त्याला दोन सेकंद पुरतात.

मागच्या भेटीतले दोन फोटो सांगते, म्हणजे दोन्ही कॅमेऱ्यांचा स्वभाव कळेल. माझा भाचा बागेत साबणाचे फुगे करत होता. मी बहिणीचा सोनी घेऊन दुसऱ्या टोकाच्या बाकावर बसले आणि लेन्स शंभरच्या आसपास नेली. त्याला पत्ताच नव्हता. तोंडाचा चंबू, गाल फुगलेले, आणि नाकासमोरच्या फुग्यात खिडकीचं इवलंसं उलटं प्रतिबिंब. तो फोटो रिकोने निघालाच नसता. २८ मि.मी.ने तेवढाच चेहरा चौकटीत घ्यायचा तर मला त्याच्यापासून हातभर अंतरावर जावं लागलं असतं. तेवढ्या जवळून नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात, शिवाय फुगे करायचे सोडून त्याने कॅमेराच मागितला असता.

दुसरा फोटो त्याच दिवशी संध्याकाळचा, रिकोवरचा. भाचा खिडकीपाशी झोपला होता, मूठ अर्धवट उघडी. रिकोच्या मॅक्रोत ६ सेंटिमीटरपर्यंत जवळ जाता येतं. मी जमिनीवर पालथी पडून त्याची बोटं टिपली. नखांत अडकलेली बागेतली माती, करंगळीवरचा वाळलेला साबण, आणि तळव्यावरच्या रेषांतून सरकत गेलेला मावळतीचा उजेड. त्या फोटोत सावलीपासून उजेडापर्यंत रंग जसे हळूहळू बदलत जातात, तसे सोनीच्या फोटोत मला अजून मिळालेले नाहीत. माझा जीव रिकोवर का आहे, ते हा फोटो पाहिला की कळतं. पण त्या वेळी मूल झोपलेलं होतं, हेही विसरू नका.

बाकीच्या गोष्टी पटापट सांगते. सोनीत वर उघडणारा व्ह्यूफाइंडर (डोळा लावून बघायची खिडकी) आहे आणि कडक उन्हात स्क्रीन दिसत नाही तेव्हा त्याचं मोल कळतं. रिकोत तो नाही. सोनीची स्क्रीन वर-खाली वळते, त्यामुळे कॅमेरा मुलीच्या डोळ्यांच्या उंचीवर धरता येतो. रिकोची पक्की आहे, तुम्हाला स्वतःला खाली बसावं लागेल. सोनीत छोटा फ्लॅश आहे, रिकोत नाही, मात्र वरून फ्लॅश लावायला हॉट शू नावाची खाच आहे. व्हिडिओ काढणार असाल तर विचारच करू नका: सोनी ४के देतो, बाहेरचा माइकही लागतो. रिको फुल एचडीवर थांबतो. चार्जिंगला रिकोला टाइप-सी चालते, सोनीला जुनी मायक्रो-यूएसबी लागते, वायर वेगळी सांभाळावी लागेल. बॅटरी दोन्हीकडे तोकडी: कंपन्यांच्या आकड्यांप्रमाणे रिकोवर २०० फोटो, सोनीवर २६०. एक जादा बॅटरी कॅमेऱ्यासोबतच घ्या. आणि दोन्ही कॅमेरे पाणी-धुळीपासून बंदिस्त नाहीत. लेन्स आत-बाहेर करते आणि ती काढून आतला सेन्सर पुसता येत नाही, म्हणून सुटी नाणी, बिस्किटांचा चुरा असलेल्या खिशात कॅमेरा टाकू नका. लहान मूल असलेल्या घरात हे मुद्दाम सांगायला हवं.

सोनी घेतलात तर दोन गोष्टी सांभाळा. घरात झूमचा मोह आवरा. लेन्स लांब करत गेलात की अ‍ॅपर्चर लवकरच एफ/४.५ वर येतं आणि उजेड निम्म्याहूनही कमी होतो. घरात २४ ते ५० मध्येच राहा, लांबचा झूम बाहेर वापरा. दुसरं, हा कॅमेरा सेकंदाला २० फोटो काढतो. दहा सेकंद बटण दाबून ठेवलंत तर रात्री २०० फोटो चाळत बसाल. अर्धा-एक सेकंदाचे छोटे बर्स्ट मारा. हा वेग इलेक्ट्रॉनिक शटरवर (यात पडदा हलत नाही, सेन्सरच काम करतो) मिळतो आणि काही एलईडी दिव्यांखाली त्यात आडवे पट्टे उमटतात. तसं दिसलं तर मेकॅनिकल शटरवर (खरोखर हलणाऱ्या पडद्यावर) जा.

रिको कधी घ्यायचा? तुमच्या शंभर फोटोंत ऐंशी १एक्सचे निघाले, मुलीशिवाय रस्ते, माणसं, भिंती, सावल्या यांचेही फोटो तुम्हाला खुणावत असतील, आणि कॅमेरा एका हाताने, अंगठ्यानेच चालवता यावा असं वाटत असेल, तर रिको. त्याची पकड आणि बटणांची जागा इतकी नेमकी आहे की दुसरा हात मोकळा राहतो, आणि त्या हातात मुलीचा हात धरता येतो. सोनीची बॉडी गुळगुळीत आहे, तिला वरून चिकटवायची छोटी ग्रिप लावून घ्या.

दोन्ही कॅमेरे कुठे हाताळायला मिळाले तर आपलं मेमरी कार्ड घेऊन जा, आणि शक्य असेल तर मुलीलाही न्या. कॅमेरा बंद करून खिशात टाका. ती तुमच्याकडे चालत यायला लागली की तो एका हाताने बाहेर काढा, चालू करा आणि ती हाताच्या अंतरावर येईपर्यंत फोटो काढत राहा. हेच दुसऱ्या कॅमेऱ्याने करा. घरी मोठ्या स्क्रीनवर शेवटचे चार-पाच फोटो, म्हणजे ती अगदी जवळ आलेली असतानाचे, पूर्ण मोठे करून बघा. कुठल्या कॅमेऱ्याच्या फोटोंत तिच्या पापण्या एकेक करून वेगळ्या दिसताहेत?