ब्लॉक झिजलाय, तर ३५०ची ५०० करावी का?

प्रश्न : ताई, नमस्कार. माझ्याकडे वडिलांची बुलेट ३५० आहे, जुनी, कास्ट आयर्न इंजिनाची. सध्या इंजिन उघडलेलं आहे. पिस्टनवर चाळीस थाऊ ओव्हरसाइजचा (मूळ मापापेक्षा इंचाचे चाळीस हजारांश मोठा) शिक्का आहे आणि ब्लॉकला, म्हणजे सिलिंडरला, वरच्या बाजूला पुन्हा झिजेची कड लागते आहे. मेकॅनिक म्हणतात, खर्च होणारच आहे, तर ५००चा ब्लॉक आणि हेड बसवून टाकू. दोघं बसलो की गाडी चढावर दम सोडते, हेही खरं. पण वडिलांच्या गाडीला हात लावायचा धीर होत नाही. काय करू?

उत्तर : आधी मत सांगते, मग कारणं. या चेंबरवर, म्हणजे क्रँक ज्यात फिरतो त्या इंजिनाच्या खालच्या कवचावर, ५०० करू नका.

तुमच्या पत्रात दोन वेगळी दुखणी आहेत. ब्लॉक झिजलाय हे एक, आणि गाडी ओढत नाही हे दुसरं. मेकॅनिकनी दोन्हींवर एकच औषध दिलंय. ते औषध पहिल्या दुखण्याला फार जालीम आहे, आणि दुसऱ्याला ते लागू पडेलच असं नाही.

३५०चा बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ७० मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची वरखाली धाव) ९०. हिशेब केला की ३४६ सीसी येतात. ५००चा बोअर ८४, स्ट्रोक तोच ९०, म्हणजे ४९९ सीसी. स्ट्रोक सारखा असल्यामुळे वाटतं की वरचा भाग बदलला की काम झालं. पण ८४चा ब्लॉक ३५०च्या चेंबरच्या तोंडात उतरत नाही. तोंड कापून मोठं करावं लागतं, आणि जे कापलं जातं ते ब्लॉक धरणाऱ्या स्टडच्या अंगाचं असतं. माझ्या बाकाखाली असं एक चेंबर ठेवलेलं आहे. तोंडापासून स्टडच्या भोकापर्यंत तडा गेलाय. शिकायला येणाऱ्या मुलांना मी ते पहिल्याच दिवशी हातात देते.

आणि त्याच चेंबरवर इंजिन नंबर ठोकलेला असतो. पिस्टन, ब्लॉक, व्हॉल्व्ह हे सगळं गाडीच्या आयुष्यात अनेकदा बदलतं. नंबर असलेलं चेंबर बदलत नाही. वडिलांची गाडी कागदावरही वडिलांची राहते ती त्याच्यामुळे. माझ्याकडे ५०० केलेल्या गाड्या परत ३५० करून मागायला लोक येतात. ब्लॉक मिळतो, हेड मिळतं, पण कापलेलं तोंड पूर्ववत होत नाही.

आता खालच्या भागाचं बोलू, कारण खरा भार तिथे येतो. बोअर ७०चा ८४ झाला की पिस्टनच्या माथ्याचं क्षेत्रफळ ४४ टक्के वाढतं. आतला दाब तेवढाच धरला तरी कनेक्टिंग रॉडवरचा रेटा तितकाच वाढला. जुन्या बुलेटच्या बिग एंडला, म्हणजे त्या रॉडच्या खालच्या टोकाला, रोलर नसतात, तरंगता बुश असतो, आणि तो तेलाच्या पातळ थरावर जगतो. थोडा झिजलेला तेलपंप ३५० सांभाळून घेते, ५०० घेईल याची खात्री नाही. शिवाय मोठा पिस्टन जड असतो. फ्लायव्हीलमधला समतोल जुन्या पिस्टनच्या वजनावर बेतलेला असतो, त्यामुळे क्रँक नव्याने बॅलन्स न करता जड पिस्टन टाकला तर थरथर हँडलपासून मडगार्डच्या पट्ट्यांपर्यंत जाणवते. त्यानंतर क्लच घसरायला लागतो. ब्रेक मात्र होते तेच राहतात, याचा विचार फार थोडे जण करतात.

ब्लॉक मोठा आणि हेड जुनंच, असला अर्धवट उपाय कुणी सुचवला तर सरळ नको म्हणा. समजा कॉम्प्रेशन ७:१ आहे, म्हणजे आतलं मिश्रण दाबून एक सप्तमांश जागेत बसवलं जातं. ३४६ सीसीच्या इंजिनात पिस्टन वर असताना उरणारी जागा सुमारे ५८ सीसी होते. जागा तेवढीच ठेवून खाली ४९९ सीसी आणले तर कॉम्प्रेशन साडेनऊच्या वर जातं. हवेवर थंड होणारा बिडाचा जुना ब्लॉक, त्यात साधा ओतीव पिस्टन. असं इंजिन चढावर ठोके देणार, आणि ठोके फार काळ दिले तर पिस्टन फुटतो. इतकं सोसूनही श्वास जुनाच राहतो, कारण व्हॉल्व्ह आणि पोर्ट लहानच आहेत. खालच्या आरपीएमला ओढ वाढलेली जाणवेल, वर मात्र इंजिन घुसमटेल.

कारखान्यांनी स्वतः इंजिनं मोठी केली तेव्हा काय काय बदललं, ते मला नेहमी बघावंसं वाटतं. नॉर्टन कमांडोचा बोअर १९७३मध्ये ७३चा ७७ झाला, ७४५चे ८२८ सीसी झाले. चारच मिलिमीटर. पण त्यासोबत चेंबर मजबूत केलं गेलं आणि ब्लॉक आरपार बोल्टने खाली आवळला. ट्रायम्फने ६५०ची ७५० केली तेव्हा हेड धरणारे बोल्ट नऊचे दहा झाले. ज्यांनी ते इंजिन रेखाटलं त्यांनाही फक्त बोअर वाढवून थांबता आलं नाही. तुमच्या मेकॅनिकना मी वाईट म्हणत नाही. पण त्यांनी सांगितलेल्या कामात क्रँकचं बॅलन्सिंग, तेलपंप आणि क्लच धरलेत का, हे विचारा. धरले नसतील तर ते काम अपुरं आहे.

मग ब्लॉकचं काय? चाळीसच्या पुढे साठचा पिस्टन मिळाला तर आणखी एक बोअर होऊ शकतो. त्याने सीसी वाढतील म्हणाल तर आत्ताचे ३५६, साठला ३६२. ती वाढ तुम्हाला सीटवर कळणार नाही. मी तुमच्या जागी असते तर साठपर्यंत न जाता स्लीव्ह (ब्लॉकच्या आत बसवायची नवी नळी) घालून पुन्हा ७०वर आले असते. ब्लॉक मूळचाच राहतो, बाहेरच्या पंखांसकट, आणि पुढचे सगळे ओव्हरसाइज पुन्हा हाताशी येतात. एक पथ्य मात्र पाळा. पिस्टन आधी आणा, तो मायक्रोमीटरने मोजून घ्या, आणि मगच त्याच्या मापाने बोअर आणि होनिंग (आतल्या भिंतीचं शेवटचं बारीक घासकाम) करून घ्या. क्लिअरन्स, म्हणजे पिस्टन आणि भिंतीमधली फट, पिस्टन बनवणाऱ्याने दिलेला धरा. अंदाजाने दिलेल्या क्लिअरन्सवर नवी इंजिनं सीझ झालेली मी पुष्कळ पाहिली आहेत. काम झाल्यावर डायल बोअर गेजने वर, मध्ये आणि खाली, प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी माप घेऊन दाखवा म्हणावं. चांगल्या कारागिराला याचा राग येत नाही.

आणि चढावरचा दम. झिजलेल्या ब्लॉकमधून दाब खाली निसटतो, त्यामुळे बोअर नीट झाला की त्यातला मोठा भाग आपोआप परत येईल. तरी इंजिन उघडं आहे तोवर आणखी बघून घ्या. व्हॉल्व्ह सीटवर घट्ट बसतात का? कॅमचं नाक झिजलंय का? ऑटो अॅडव्हान्सची (वेग वाढला की ठिणगी लवकर पाडणाऱ्या यंत्रणेची) वजनं मोकळी हलतात का? ती गंजून अडकली तर टायमिंग मागेच राहतं, गाडी सुस्त होते, आणि लोक दोष इंजिनाच्या आकाराला देतात. मला हे दुखणं इतक्यांदा भेटतं की मोठ्या इंजिनाची गोष्ट काढणाऱ्याला मी पहिला प्रश्न हाच विचारते. कार्ब्युरेटरची स्लाइड खडखडत असेल तर बाजूने हवा खेचली जाते. सायलेन्सर कार्बनने भरलेला असतो. मागचा ब्रेक किंचित घासत असतो. गाडी मेन स्टँडवर घेऊन चाक हाताने फिरवलं की ते लगेच कळतं.

एवढं करून चढावर कमीच वाटली तर गिअरबॉक्सचा पुढचा स्प्रॉकेट बघा. १६ दातांचा असेल तर १५चा लावून चाकावरची ओढ साधारण ७ टक्क्यांनी वाढते. सपाटीवर इंजिन तेवढंच जास्त फिरेल. तासाभराचं काम आहे, आणि आवडलं नाही तर पुन्हा १६चा लावता येतो.

५००चीच हौस असेल तर ती हौस वाईट नाही. ५००ची संथ, खोल ओढ मलाही फार आवडते. मग ५००चं अख्खं इंजिन वेगळं मिळवा आणि वडिलांचं इंजिन तेल लावून, तोंडं बंद करून, कोरड्या जागी ठेवा. नोंदणी आणि विम्याच्या कागदांवर इंजिनाचा नंबर आणि क्षमता असते, म्हणून बदलाआधी दोन्हीकडे लेखी विचारून घ्या.

प्रश्न : बोअर न वाढवता स्ट्रोक वाढवला तर? चेंबरचं तोंड कापावं लागणार नाही ना?

उत्तर : तोंड वाचेल, पण बाकी काम वाढेल. स्ट्रोक बदलून एकाच घराण्यातली दोन इंजिनं करण्याचं चांगलं उदाहरण म्हणजे यामाहा एसआर. ४०० आणि ५०० दोन्हींचा बोअर ८७, स्ट्रोक मात्र ६७.२ आणि ८४. पण ते क्रँक कारखान्यातच वेगळे घडवलेले आहेत.

बुलेटचा ९०चा स्ट्रोक १०० केला असं धरा. पिस्टन वर ५ मिलिमीटर जास्त चढणार, म्हणजे ब्लॉकखाली तेवढ्या जाडीची पट्टी हवी आणि पुशरॉड लांब हवेत. खालीही तो ५ मिलिमीटर जास्त उतरणार, म्हणजे स्कर्ट (पिस्टनचा खालचा घेर) फ्लायव्हीलला लागतो का ते तपासायला हवं. ५००० आरपीएमला पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला १५ मीटर असतो, तो १६.७ होतो. क्रँकपिनची भोकं नव्याने पाडून क्रँक पुन्हा सरळ बसवणं हे फार थोड्या हातांचं काम आहे. आणि मिळतात किती? ७० बाय १०० म्हणजे ३८५ सीसी, जेमतेम ३८ जास्त. क्रँक उघडलाच असेल तर ती मेहनत नवा बिग एंड बसवण्यात आणि दोन्ही फ्लायव्हील सेंटरवर धरून नीट सरळ करून घेण्यात घाला.