जेवलात का, काकू?

मानेवाड्यातल्या एका निवृत्त शिक्षिकेचे व्हॉट्सॲपवरच्या शेअर ट्रेडिंग ग्रुपमध्ये ६ लाख ४० हजार रुपये गेले. त्या विचारतात, ‘ह्यांना कसं सांगू? मी इतकी मूर्ख कशी?’

ताई,

चार पानांतली साडेतीन तुम्ही स्वतःला शिव्या देण्यात घालवलीत. मी अडले ते शेवटच्या ओळींत : ‘ग्रुपचा असिस्टंट बिचारा अजून रोज रात्री आठला विचारतो, जेवलात का, काकू. दिवसभरात तेवढंच कुणी विचारतं.’

बिचारा? काहून बिचारा? तो ड्यूटीवर आहे बाप्पा!

हे काम जुनं आहे. समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांनी १९५२ मध्येच त्यावर लिहिलंय : सावज लुटून झालं की टोळीतला एक जण मागे थांबतो, त्याची समजूत घालतो, म्हणजे ते पोलिसांत जात नाही. ‘इतक्यात तक्रार करू नका, खातं गोठेल’ हे त्याचं वाक्य तुम्ही सहज लिहून गेलात. घरात तुमची विचारपूस होत नाही, हे त्याने पहिल्या आठवड्यातच हेरलं. म्हणून प्रश्न जेवणाचा.

आणि पैसे काढायला १८ टक्के ‘टॅक्स’, त्यातला निम्मा तो भरणार म्हणे. दमडी भरणार नाही. पण ‘निम्मा माझा’ म्हटलं की उरलेला भरायला आपला हात आपोआप पर्सकडे जातो. शेअरच्या नफ्यावरचा प्राप्तिकर आपण सरकारला भरतो. आपलेच पैसे काढू देण्याआधी ब्रोकर तो मागत नाही.

मूर्खपणाचं जाऊ द्या. पाच हजार टाकले, तिसऱ्या दिवशी बाराशे खात्यात आले. ते बाराशे म्हणजे त्यांनी तुम्हाला दिलेला विसार. मग चाळीस हजार, दीड लाख, शेवटी एफडी मोडून ४ लाख ४५ हजार. आधीचे बुडू नयेत म्हणून पुढचे. ॲपवर तुमच्या नावावर दिसणारे २२ लाख तर कुणीतरी टाइप केलेत.

आता १९३० लावा, ऑनलाइन फसवणुकीच्या तक्रारीचा सरकारी हेल्पलाइन क्रमांक. आत्ता. शेवटचे पैसे जाऊन ११ दिवस झालेत. ते एका खात्यातून दहा खात्यांत पळतात, आणि गोठवता येते ती वाटेत उरलेली रक्कम. सगळे मिळतील असं मी म्हणत नाही. पासबुक, मोबाइल घेऊन बसा : प्रत्येक व्यवहाराची तारीख, रक्कम, यूटीआर म्हणजे त्या व्यवहाराचा ओळख क्रमांक (यूपीआयचा बारा आकडी असतो) आणि पैसे गेले तो खाते क्रमांक. तक्रार क्रमांक मिळाला की तो टाकून बँकेत लेखी अर्ज द्या, पोच घ्या. रागाच्या भरात चॅट पुसू नका, ग्रुपही सोडू नका. पुरावा तिथेच आहे.

फोन स्पीकरवर ठेवा आणि ह्यांना शेजारी बसवा. वेगळं सांगावंच लागणार नाही.

आठला त्याचा मेसेज येईल. उत्तर न देता स्क्रीनशॉट काढा.