ग्राफिंग कॅल्क्युलेटर घेताय? आधी परीक्षेचा नियम बघा, मग गेम्स

शाळा, प्रोग्रामिंग आणि गेम्स ही तिन्ही कामं एकाच ग्राफिंग कॅल्क्युलेटरने (समीकरणाचा आलेख स्क्रीनवर काढून दाखवणाऱ्या) व्हावीत असं सगळ्यांनाच वाटतं, आणि मग "कुठला घेऊ?" हा एकच प्रश्न दहा तऱ्हेने येत राहतो. म्हणून यावेळी उत्तरं एकत्रच देते.

प्र. टीआयच्या (टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स कंपनीच्या) टीआय-८४ प्लस आणि टीआय-८४ प्लस सीई यात नेमका फरक काय?

उ. शाळेच्या गणितापुरता फारसा नाही. साधा ८४ प्लस २००४ चा, स्क्रीन ९६ बाय ६४ पिक्सेल, काळापांढरा, ट्रिपल ए सेलवर चालणारा. सीई २०१५ चा, कलर, ३२० बाय २४०, चार्जिंगवाला आणि बराच फास्ट. घरात साधा पडलेला असेल तर आधी तोच वापरून बघा.

प्र. भावाचा मित्र म्हणतो सीएएसवालाच (अक्षरांचं बीजगणितही सोडवणारा) घे, बाकीचे काही कामाचे नाहीत. घेऊ का?

उ. परीक्षेचं नाव सांगितलं नाहीत, आणि खरी गोष्ट तीच आहे. साधा ग्राफिंग कॅल्क्युलेटर एखाद्या बिंदूपाशी उतार किती एवढा आकडा देतो, सीएएसवाला अक्षरांसकट अख्खं सूत्रच लिहून देतो, आणि नेमकं म्हणूनच तो बऱ्याच परीक्षांत चालत नाही. एसीटीला (अमेरिकेतली कॉलेज प्रवेशाची परीक्षा) टीआयचे टीआय-८९ आणि एन्स्पायर सीएएस चालत नाहीत, आयबी या आंतरराष्ट्रीय बोर्डाच्या परीक्षेतही सीएएसला मनाई आहे. एन्स्पायर सीएक्स आणि सीएक्स सीएएस दिसायला जवळपास सारखे, त्यामुळे नाव नीट वाचा. कॉम्प्युटरवर होणाऱ्या एसएटी या अमेरिकी प्रवेश परीक्षेच्या स्क्रीनवर तर डेसमॉस हा ग्राफिंग कॅल्क्युलेटर आधीच दिलेला असतो. भावाच्या मित्राला नको, गणिताच्या सरांना किंवा मॅडमना विचारा आणि परीक्षेची यंदाची यादी स्वतः उघडून बघा, मागच्या वर्षीची नाही.

प्र. मला मुख्यतः गेम्स खेळायच्यात आणि स्वतः बनवायच्यात. विकणारा म्हणाला सीई घे, ३ एमबी मेमरी आहे, कुठलाही गेम चालतो. घेऊन लगेच अपडेट मारू ना?

उ. नाही, थांबा, अपडेट अजिबात मारू नका. या एका गोष्टीमुळे किती जणांचा विरस झालेला मी पाहिलाय, त्यामुळे जरा सविस्तर सांगते.

आधी ते ३ एमबीचं. ती साठवणीची फ्लॅश मेमरी, प्रोग्राम चालायला जी रॅम लागते ती सीईत वापरायला साधारण १५४ केबीच मिळते. मोठा आकडा पुढे करायचा आणि छोट्याबद्दल बोलायचंच नाही, ही विकणाऱ्यांची नेहमीची पद्धत आहे, आणि मला तिचा मनापासून राग येतो.

आता मुख्य मुद्दा. फास्ट गेम्स टीआय-बेसिकमध्ये (कॅल्क्युलेटरवरच टाइप करायची सोपी प्रोग्रामिंग भाषा) नसतात, कारण बेसिक ओळ वाचत वाचत चालतं आणि हलत्या चित्रांना तो वेग पुरत नाही. ते गेम्स असेंब्ली किंवा सी मध्ये, म्हणजे प्रोसेसरवर थेट चालणाऱ्या वेगवान भाषांत, लिहिलेले असतात. २०२० मध्ये ओएस (यंत्राची मूळ सिस्टिम) ५.५.१ पासून टीआयने सीईवर असे प्रोग्राम चालवणंच बंद केलं, कारण सुरक्षेचं दिलं. म्हणजे यंत्र तेच, प्रोसेसर तोच, पण एका अपडेटनंतर गेम उघडत नाही, आणि जुन्या ओएसवर परतही जाता येत नाही. बंदी उठवणारे जुगाड लोकांनी शोधलेत, पण पुढच्या अपडेटला तो रस्ता बंद होऊ शकतो, तेव्हा त्या भरवशावर पैसे घालू नका. नमवर्क्स या दुसऱ्या कंपनीच्या कॅल्क्युलेटरचंही तसंच, सुरुवातीला एकदम मोकळा, आणि २०२१ पासून तिथेही बाहेरचं फर्मवेअर (यंत्राचं मूळ सॉफ्टवेअर) टाकण्यावर कुलूप आलं. कंपन्यांची परीक्षेबद्दलची काळजी मला समजते, पण चौदा-पंधरा वर्षांची मुलं याच यंत्रांवर असेंब्ली शिकत होती, ते दार बंद करणं मला अजिबात पटलेलं नाही.

म्हणून सेकंडहँड सीई घेताना '2nd' ची कळ, मग प्लस, मग १ दाबून अबाउट उघडून ओएसचा आकडा स्वतःच्या डोळ्यांनी बघा, विकणाऱ्याच्या तोंडी सांगण्यावर जाऊ नका. नवीन घेत असाल तर कॅसिओ एफएक्स-सीजी५० चा विचार करा, यूएसबी लावली की तो कॉम्प्युटरवर पेनड्राइव्हसारखा दिसतो आणि अ‍ॅड-इनची (बाहेरून टाकायच्या प्रोग्रामची) फाइल सरळ कॉपी करता येते. पण परीक्षेला चालतो का हे शाळेत विचारल्याशिवाय ऑर्डर करू नका.

प्र. बॉक्सवर पायथन लिहिलंय. म्हणजे कॉम्प्युटरवरचंच ना?

उ. नाही. मायक्रोपायथन (छोट्या यंत्रांसाठीचं आटोपशीर पायथन) किंवा त्याच्या जवळपासचं काहीतरी असतं, नमपायसारख्या मोठ्या लायब्ऱ्या पूर्ण मिळतील हे विसरा. लूप, फंक्शन, लिस्ट शिकायला मात्र छान. नमवर्क्सचा सिम्युलेटर ब्राउझरमध्ये फुकट चालतो, आधी तिथे दोन-चार दिवस टाइप करून बघा, आणि शिकवणाऱ्यांना विचारा की वर्गात बेसिक वापरणार आहेत की पायथन.

प्र. परीक्षा मोड (परीक्षेपुरत्या प्रोग्रामसारख्या सोयी बंद करणारी सेटिंग) लावल्यावर माझे प्रोग्राम उडतील का?

उ. मॉडेलवर अवलंबून. कुठे नुसते लपतात, कुठे रॅममधले जातात. टीआय-८४ वर मेमरी मॅनेजमेंटमध्ये जाऊन प्रोग्रामच्या नावावर एंटर दाबा, शेजारी छोटी चांदणी आली की तो अर्काइव्हमध्ये, म्हणजे फ्लॅश साठवणीत, गेला, मग नुसती रॅम साफ झाली तरी तो राहतो. पण परीक्षेआधी कुणी अर्काइव्हसकट सगळं रिसेट केलं तर ती चांदणीही वाचवत नाही, म्हणून केबल लावून कॉम्प्युटरवर कॉपी ठेवा. आजच.

प्र. जुना एचपी ४८ मिळतोय, घेऊ?

उ. आरपीएन (आधी आकडे, मग चिन्ह अशी गणित टाइप करायची पद्धत) शिकायची हौस असेल तर जरूर घ्या. शाळेसाठी नको.

प्र. परीक्षा पुढच्या आठवड्यात आहे. आता एचपी प्राइम घेतला तर सवय होईल का?

उ. होणार नाही. तहान लागल्यावर विहीर खणण्याचा प्रकार आहे हा, आणि खरेदीचा विचार वर्षाच्या सुरुवातीलाच व्हायला हवा होता. ज्यावर वर्षभर सराव केला तोच न्या. परीक्षा मोड घरी एकदा लावून आणि काढून बघा, टीआय-८४ वर तो लावतानाच रेडियन की डिग्री असं विचारतो आणि घाईत चुकीचं निवडलं जातं. कुठलं लागणार ते सरांना आधीच विचारून घ्या.