घर बघायला निघालात? खिशात एक गोटी ठेवा

एकतीस वर्षं मी बांधकामाच्या साइटवर उभी राहिले. त्यातली पहिली काही 'मॅडम, तुम्ही ऑफिसात बसा, आम्ही आहोत ना' हे ऐकण्यात गेली आणि नंतरची 'मॅडम येतायत, पाणी मारा रे स्लॅबवर' हे ऐकण्यात. आता निवृत्त आहे, पण लोकांच्या घरी चहाला गेले की नजर अजून आधी छताच्या कोपऱ्याकडेच जाते. या वेळी चार पत्रं निवडली आहेत.

ताई, वाघोलीला टू बीएचके घेतलाय. पुढच्या शनिवारी ताबा आहे. बिल्डरच्या ऑफिसातून फोन आला, 'अकरा ते बारा तुमचा स्लॉट, बघून घ्या आणि सही करा.' यजमान म्हणतात पैसे देऊन तपासणीवाला आणू. मला वाटतं आपणच बघावं. पण बघायचं काय? (एक वाचक, पुणे)

आधी तो स्लॉट बदलून घ्या. तासाभरात फार तर खिडक्या मोजून होतील. दोनदा जा, एकदा भरदुपारी आणि एकदा दिवेलागणीनंतर. रात्री टॉर्च भिंतीला चिकटवून तिरपा धरा. दिवसा सपाट दिसणाऱ्या गिलाव्याचे सगळे फुगवटे नि खळगे उठून दिसतात.

तपासणीवाला आणायला माझी हरकत नाही. त्याच्याकडे ओल मोजायचं मीटर असतं, थर्मल कॅमेरा असतो. शिवाय तो भिडेखातर गप्प बसत नाही, हा मोठाच फायदा. पण तो आला तरी त्याच्यामागून तुम्ही फिराच. खिशात एक गोटी, एक नाणं, खडू, मोजपट्टी आणि मोबाइलचा चार्जर असू द्या. बादली तिथल्या बिगाऱ्याकडे मिळेल.

नाणं फरशीसाठी. प्रत्येक फरशीवर चारी कोपऱ्यांत आणि मध्ये ठोका. खाली माल भरलेला असेल तर आवाज टणक येतो, पोकळ असेल तर डबडब. कोपरा पोकळ असलेली फरशी आज दिसायला सुंदर असते आणि कपाटाचा पाय आला की तडकते. डबडब आवाज आला तिथे खडूची फुली मारा आणि फोटो काढा.

गोटी आणि बादली बाथरूमसाठी. दारापाशी गोटी सोडा, ती नहाणी ट्रॅपकडे, म्हणजे पाणी जायच्या जाळीकडे, धावली पाहिजे. मग बादलीभर पाणी ओता आणि दहा मिनिटं बाहेर थांबा. परत येऊन बघाल तेव्हा कमोडच्या मागे किंवा उंबऱ्याशी डबकं दिसलं, तर उतार चुकलाय. उतार नंतर दुरुस्त करायचा म्हणजे फरशी फोडायची, आणि फरशीबरोबर खालचं वॉटरप्रूफिंग फुटायची भीती. म्हणून हे इंटीरियरवाल्याचा पाय घरात पडायच्या आधी व्हायला हवं. जमलं तर ट्रॅपचं तोंड बंद करून बाथरूममध्ये दोन इंच पाणी ४८ तास भरून ठेवा आणि खालच्या फ्लॅटचं छत बघून या. खालचा फ्लॅट अजून रिकामा असेल, तर किल्ली बिल्डरकडेच असते. मागितली तर देतात. न मागता कोणी दिलेली मी पाहिली नाही.

वीज चालू करून घ्या. डिस्ट्रिब्युशन बोर्डावर 'टी' लिहिलेलं छोटं बटण असतं. ते दाबलं की घराची वीज खटकन जायला हवी. नाही गेली तर शॉक लागेल त्या दिवशीही जाणार नाही. चार्जर प्रत्येक सॉकेटमध्ये लावून बघा. सगळे नळ एकदम सोडून फ्लश करा, म्हणजे पाण्याचा जोर कळेल. खिडकीच्या खालच्या पट्टीत बाहेरच्या बाजूला पाणी जायला भोकं असतात, ती सिमेंटनं बुजलेली नाहीत ना ते बघा. हे सगळ्यांच्या नजरेतून सुटतं आणि जुलैत पाणी खिडकीतून हॉलमध्ये येतं.

मोजपट्टी घेऊन कार्पेट एरिया, म्हणजे घरातलं वापरायचं क्षेत्रफळ, तेही ताडून बघा. रेरा या घरखरेदीच्या कायद्यात घरातल्या आतल्या भिंतींची जाडी कार्पेटमध्ये धरतात, बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी आणि उघडी गच्ची धरत नाहीत. कागदावर चौरस मीटर असतील तर १०.७६४ नं गुणा.

आता सहीचं. त्या कागदावर बहुतेक 'सर्व काम समाधानकारक' असं छापलेलं असेल. सहीच्या शेजारी स्वतःच्या हातानं लिहा, 'सोबतच्या यादीतील दोष वगळून', आणि यादी त्याच दिवशी ईमेलनं पाठवा. रेराच्या कलम १४(३) प्रमाणे ताब्यापासून पाच वर्षांत बांधकामातला, कारागिरीतला किंवा सेवांमधला दोष कळवला, तर बिल्डरनं तो ३० दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यायचा असतो. पण तुम्ही बाथरूम फोडून नव्या फरश्या बसवल्यात आणि मग गळती लागली, तर तो तुमच्या मिस्त्रीकडे बोट दाखवणार. अशा वेळी तारखेसकट फोटो उपयोगी पडतात.

हे सगळं मी इतक्या ठामपणे सांगते, कारण १९९६ साली स्वतःच्या फ्लॅटची किल्ली घेताना मी यातलं काहीही केलं नाही. रोज दुसऱ्यांच्या चुका काढणारी बाई, पण आपल्या घरी पेढे आणि नारळ. दुसऱ्या पावसाळ्यात कपाटामागच्या भिंतीला बुरशी आली आणि सासूबाईंच्या दोन पैठण्या गेल्या. बाहेरून जाणाऱ्या पाइपचा सांधा भिंतीलगत उघडा राहिला होता. टॉर्च मारला असता तर पाच मिनिटांत दिसला असता.

डोंबिवलीत १९९४ च्या इमारतीत चौथ्या, म्हणजे वरच्याच मजल्यावर फ्लॅट बघितला. आतून अगदी चकाचक, नुकताच रंग दिलाय. एजंट म्हणतो दुसरं गिऱ्हाईक तयार आहे, टोकन द्या. द्यावं का? (एक वाचक, ठाकुर्ली)

टोकन खिशातच ठेवा. ते दुसरं गिऱ्हाईक मी तीस वर्षं ऐकतेय, अजून भेट झालेली नाही.

विकायच्या आधी दिलेला रंग काहीतरी झाकायलाच असतो असं नाही, पण रंगारी जिथे पोचत नाही तिथे तुम्ही पोचा. ओट्याखाली सिंकच्या मागे, माळ्याच्या आत, जिन्याच्या शेवटच्या टप्प्याचं छत, खिडकीवरच्या छज्जाची खालची बाजू, पाण्याच्या टाकीखालचे बीम आणि पार्किंगमधले खांब. तिथे सळईच्या रेषेत सरळ जाणारी भेग दिसते का, तिच्या कडेला तपकिरी डाग आहे का, हे बघा. जाळीसारख्या वेड्यावाकड्या बारीक भेगा बहुधा गिलाव्याच्या असतात, त्यांना मी फारशी घाबरत नाही. सळईबरोबर धावणारी भेग मात्र वाईट.

तिचं कारण असं. ताज्या काँक्रीटमध्ये क्षार (अल्कली, मीठ नव्हे) असतो, तो सळईला गंजू देत नाही. वर्षानुवर्षं हवेतला कार्बन डायऑक्साइड बाहेरून आत शिरत तो क्षार मारत जातो. तो सळईपर्यंत पोचला आणि ओल मिळाली की गंज सुरू. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, मग तो काँक्रीटला आतून ढकलून खपल्या पाडतो. त्या खपल्यांवर सिमेंट थापून रंग दिला, तर घर गोरं होतं, पण आतला गंज चालूच राहतो. इमारतीची मजबुती तपासणारा, म्हणजे स्ट्रक्चरल ऑडिट करणारा इंजिनिअर काँक्रीट थोडं फोडून त्यावर फिनॉल्फ्थॅलिन नावाचं रसायन टाकतो. गुलाबी झालं तर क्षार शाबूत, रंग आला नाही तर संपलेला.

म्हणून सोसायटीच्या सेक्रेटरीकडून स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल मागा. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं ऑडिट पाच वर्षांतून एकदा आणि तिशी ओलांडली की तीन वर्षांतून एकदा करायचं असतं. तुमची इमारत तिशी ओलांडून बसलीय. अहवालाच्या शेवटी श्रेणी असते. सी-१ म्हणजे रिकामी करून पाडायची, सी-२ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती, सी-२बी म्हणजे लोक राहत असताना दुरुस्ती, सी-३ म्हणजे किरकोळ. 'अहवाल आहे, सापडत नाहीये' हे उत्तर आलं, तर तेही उत्तरच समजा.

वरचा मजला आहे, तेव्हा गच्चीवर जा. पत्र्याची शेड घातलेली असेल तर ती कधी आणि का घातली ते विचारा. स्लॅब गळते हे सोसायटीनं स्वतः कबूल केल्याची ती खूण असते. शेडला परवानगी आहे का, हेही विचारा. आणि एजंटला सोबत न घेता, पाऊस पडत असताना एकदा एकटेच जाऊन या. तळमजल्यावरच्या आजी आणि वॉचमन अर्ध्या तासात जे सांगतील ते कुठल्याही अहवालात नसतं.

कागदांत भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहायला योग्य असल्याचा महापालिकेचा दाखला) आहे का आणि अभिहस्तांतरण (जमीन-इमारत सोसायटीच्या नावावर होणं) झालंय का, ही दोन नक्की बघा. भोगवटा प्रमाणपत्र दाखवलं तरी त्याची प्रत महापालिकेतून पडताळून घ्या. कल्याण-डोंबिवलीत बनावट परवानग्यांवर महारेराची (रेरा राबवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाची) नोंदणी मिळवलेल्या ६५ इमारतींचं प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि त्या पाडायचे आदेश निघाले, हे तुम्हाला मी सांगायला नको.

हॉल आणि किचनमधली भिंत काढायची आहे. चार इंचीच आहे, म्हणजे काढता येते ना? (एक वाचक, नाशिक)

जाडीवरून ठरत नाही. खांब-बीमच्या इमारतीतली चार इंची विटेची भिंत बहुतेक वेळा नुसता पडदा असतो. पण अलीकडच्या 'मायवान' पद्धतीच्या, ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या इमारतींत भिंत हीच इमारत असते, तिथे वायरीसाठी खाचसुद्धा मारायची नाही. खिळा ठोकून बघा. तो वाकला आणि भिंत हसली, तर हात लावू नका. खिळा सहज आत गेला तरी इंजिनिअरचा लेखी सल्ला आणि परवानगी घ्याच. जुलै २०१७ मध्ये घाटकोपरला एक इमारत कोसळून १७ माणसं गेली. तळमजल्यावरच्या नूतनीकरणात खांबांना हात लावल्याचा आरोप त्या प्रकरणात झाला होता. वरच्या मजल्यांवरच्यांना कोणी विचारलं होतं?

आम्ही भावंडं ठाण्याची. गुहागरजवळ साठेक वर्षांचं चिऱ्याचं कौलारू घर बघून आलो. मे महिन्यात गेलो होतो, फारच आवडलं. घेण्याआधी काय तपासावं? (दोन वाचक, ठाणे)

मे महिन्यात कोकणातलं कुठलंही घर आवडतं. आंबे असतात, वारा असतो. विहीर मेमध्ये बघितलीत हे उत्तम केलंत, तळाशी पाणी होतं की नाही ते आठवून ठेवा. पण छप्पर जुलैत बघायचं. झड लागलेली असताना जा आणि माजघरात, देवघरात, माळ्यावर तासभर नुसते बसा. कुठे ठिबकतं ते ऐकू येतं.

फुटलेली कौलं हा खर्चच नव्हे, ती बदलता येतात. खरा खर्च लाकडाचा. वाशांची मधली बाजू बघून लोक खूश होतात, पण लाकूड कुजतं ते भिंतीत टेकलेल्या टोकाशी, कारण तिथे ओल मुरते आणि वारा लागत नाही. स्क्रू-ड्रायव्हर घेऊन प्रत्येक टोकाला टोचा. लोण्यात गेल्यासारखा गेला तर तो वासा संपला. चौकटी आणि तुळयांवर मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर वाळवी आहे. नळी मोडून ठेवा आणि आठ दिवसांनी कोणाला तरी बघायला सांगा. परत बांधली असेल तर वाळवी जिवंत आहे.

चिरे उघडे असतील तर नशीबवान आहात. जांभा ओल पितो आणि सोडतो. कोणीतरी हौसेनं त्यावर सिमेंटचा गिलावा नि ऑइलपेंट चढवला असेल, तर ओल आत कोंडते आणि जोत्यापासून हातभर उंचीवर पोपडे सुटतात. पागोळ्यांचं पाणी कुठे पडतं ते पावसात बघा. जोत्याच्या बाहेर पडून वाहून जायला हवं, जोत्याशी साचायला नको.

कागद मी वकिलावर सोडते, पण दोन गोष्टी सांगते. ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा म्हणजे घरपट्टीची नोंद, मालकीचा पुरावा नव्हे. आणि सातबारावर जितकी नावं असतील तितक्या सहहिस्सेदारांशी बोलणं लागेल, त्यातले निम्मे मुंबईत सापडतील. भोवतालची जमीन शेतीची असेल, तर शेतकरी नसलेल्याला ती कूळकायद्याच्या कलम ६३ मुळे थेट घेता येत नाही. बयाणा देण्याआधी हे विचारून घ्या.

जुलैत गेलात की वाशांच्या टोकांचे फोटो मला पाठवा. अंगणातल्या फणसाचे नकोत, ते मेमधले आलेत.