वाचकांचे प्रश्न : उन्हाळ्यातले शिवार आणि वाट

प्रश्न : आमच्या द्राक्षबागेत एप्रिलच्या खरड छाटणीसाठी पेठ-सुरगाण्याकडची टोळी येते. कोणाला नुसती चक्कर आली आहे आणि कोणाला उष्माघात झाला आहे, हे आम्ही कसे ओळखावे? मोठे रुग्णालय गाडीने अर्ध्या तासावर आहे.
— एक बागायतदार, निफाड तालुका

उत्तर : आपल्या पत्रातले शेवटचे वाक्य आधी घेतो, कारण उष्माघातात तो अर्धा तासच निर्णायक असतो. तापलेल्या माणसाला घाईघाईने जीपमध्ये घालून रुग्णालयाकडे धाव घेतली जाते, आणि वाटेतल्या प्रत्येक मिनिटाला मेंदू, यकृत आणि मूत्रपिंड यांना इजा होत राहते. म्हणून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि ती येईपर्यंत जागेवरच अंग थंड करण्यास सुरुवात करावी. गाडी आली तरी ते काम वाटेत थांबवू नये.

ओळखण्याविषयी एक समज दूर करणे आवश्यक आहे. घाम येणे थांबले म्हणजेच उष्माघात, असे मानले जाते. परंतु कष्टाचे काम करताना उष्माघात झालेल्या माणसाच्या अंगावर घामाच्या धारा असू शकतात. खरी खूण बोलण्या-वागण्यात असते. माणूस असंबद्ध बोलू लागला, विनाकारण चिडला, स्वतःचे गाव सांगताना अडखळला, त्याचा तोल गेला, त्याला झटके आले किंवा त्याची शुद्ध हरपली, आणि अंग भाजल्यासारखे तापलेले असले, तर तो उष्माघातच समजावा. अशा वेळी शरीराच्या आतले तापमान ४० अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक गेलेले असते. चक्कर, मळमळ, पायात गोळे येत असूनही तो नीट उत्तरे देत असेल, तर सावली, विश्रांती आणि एक लिटर पाण्यात पूर्ण पुडी विरघळवून केलेले ओआरएस पुरेसे ठरते. पुडी नसेल, तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालावे. चमचा चहाचा असावा. अर्ध्या तासात उतार पडला नाही, तर मात्र दवाखाना गाठावा.

उष्माघात झालेल्यास सावलीत आडवे करून, कपडे सैल करून, सर्वांगावर पाणी ओतत राहावे आणि जोराने वारा घालावा. बर्फ मिळाल्यास कापडात गुंडाळून मान, काखा आणि जांघांत ठेवावा. बागेपुरत्या दोन गोष्टी आवर्जून सांगतो. उन्हात पडलेल्या नळीतले सुरुवातीचे पाणी चटका बसेल इतके तापलेले असते, ते आधी सोडून द्यावे. फवारणीचा पंप किंवा ब्लोअर मात्र पाणी मारण्यासाठी मुळीच वापरू नये, कारण टाकीत औषधाचा अंश राहिलेला असतो. शुद्ध नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नये, ते श्वासनलिकेत जाते. तापाची गोळीही देऊ नये. जंतुसंसर्गात मेंदू स्वतःच ताप चढवतो आणि गोळी तो उतरवते, पण बाहेरून शिरलेल्या उष्णतेवर तिचा काही उपयोग नाही.

आपण बागेचे मालक आहात, म्हणून आणखी एक विनंती. शरीर उन्हाला सरावण्यास एक ते दोन आठवडे लागतात, त्यामुळे नव्याने आलेल्या मजुराला पहिले काही दिवस थोडेच काम द्यावे आणि रोज वाढवत न्यावे. काम एकरी उक्ते दिलेले असेल, तर मजूर आपणहून थांबत नाही, कारण थांबल्याने त्याचीच मजुरी बुडते. विसाव्याची वेळ आपणच ठरवून द्यावी आणि दुपारचे काम पहाटेकडे सरकवावे. वर्तमानपत्रात छापलेले तापमान सावलीतल्या, हवेशीर पेटीतल्या तापमापकाचे असते, हेही ध्यानात असू द्यावे. उन्हात वाकून काम करणाऱ्याच्या अंगावर येणारा ताप त्याहून पुष्कळ जास्त असतो.

प्रश्न : चैत्रोत्सवासाठी आम्ही धुळ्याकडून सप्तशृंग गडावर पायी जातो. सोबतच्या मावशींना मधुमेह आणि रक्तदाब आहे व त्यांचा अनवाणी चालण्याचा नेम आहे. काय काळजी घ्यावी?
— एक भाविक महिला, मालेगाव

उत्तर : नेमाचा आदर ठेवूनच सांगतो, की जुन्या मधुमेहात तळपायाची जाणीव कमी होते, डांबराचा चटका मावशींना कळणारच नाही आणि मुक्कामी पाहावे तो फोड फुटलेला असेल. अशी जखम चिघळून पाय गमावण्याची पाळी येऊ शकते. त्यांनी वाटेत चांगली पादत्राणे घालावीत आणि ती देवीच्या पायरीशी काढावीत, एवढे त्यांना घरच्यांनी प्रेमाने पटवावे. प्रत्येक थांब्यावर दुसऱ्या कोणीतरी त्यांचे तळवे उजेडात पाहावेत. रक्तदाबाच्या काही गोळ्या लघवीवाटे पाणी काढून टाकतात. त्या परस्पर बंद करू नयेत, परंतु निघण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलून प्रवासातली मात्रा ठरवून घ्यावी. इन्सुलिन तापलेल्या पिशवीत निकामी होते, ते ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या डब्यात न्यावे. रात्री किंवा पहाटे चालणार असाल, तर पाठीवर चमकणारी पट्टी लावावी.

प्रश्न : सुट्टीत भाचे-पुतणे शेतावर येतात. आमच्या शेततळ्याला कागद अंथरलेला आहे. पोहता येणाऱ्या मुलांनाही तेथे जाऊ देऊ नये का?
— एक गृहिणी, दिंडोरी तालुका

उत्तर : जाऊ देऊ नये. शेततळ्यात पोहता येण्याचा उपयोग थोडाच होतो. प्लास्टिकच्या कागदावर शेवाळ धरते, काठ तिरपा असतो आणि पकडायला काही नसते. चांगला पोहणारा मुलगाही वर येण्याच्या धडपडीत दमतो आणि बुडतो, आणि त्याला काढायला उडी मारणारा मोठा माणूसही तेथेच अडकतो. कुंपण आणि कुलूप असलेले फाटक हा पहिला खर्च समजावा. चारही बाजूंनी पक्क्या खुंट्यांना बांधलेले गाठींचे जाड दोर पाण्यात सोडून ठेवावेत आणि हवा भरलेली एखादी जुनी ट्यूब काठावर सदैव असावी.

कोणी पडलेच, तर उडी न मारता दोर, बांबू किंवा साडी टाकावी. बाहेर काढलेले मूल श्वास घेत नसेल, तर त्याला उलटे धरून किंवा पोट दाबून पाणी काढण्यात वेळ दवडू नये. नाक चिमटून तोंडाने पाच श्वास द्यावेत, नंतर छातीच्या मधोमध तीस दाब आणि दोन श्वास असा क्रम मदत येईपर्यंत चालू ठेवावा.

प्रश्न : अवकाळीत विजा कडाडू लागल्यावर द्राक्षाच्या मांडवाखाली थांबणे सुरक्षित आहे का?
— एक शेतकरी, पिंपळगाव बसवंत

उत्तर : नाही. मांडवाचे लोखंडी अँगल आणि तारा वीज दूरपर्यंत वाहून नेतात; मांडव, तारेचे कुंपण आणि एकटे झाड यांपासून लांब जाऊन पक्क्या घरात किंवा बंद मोटारीत थांबावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचे 'दामिनी' हे अॅप परिसरातील विजांची सूचना देते, ते मोबाइलवर घ्यावे. वीज पडलेल्या माणसाच्या अंगात विद्युतप्रवाह उरत नाही, त्यामुळे त्याला हात लावण्यास कचरू नये. श्वास बंद असेल, तर वर सांगितल्याप्रमाणे छातीवर दाब आणि श्वास देणे ताबडतोब सुरू करावे.